नाकवाली

हिंगाची डबी उघडून मी नाकाशी धरली. मग डबीत नाकच खुपसलं. मग एक खडा बोटांनी चुरडला आणि थेट नाकपुडीला लावला. काहीच नाही. नुसती हवा आत जात होती आणि बाहेर येत होती.

"काय करालीस गं अक्का?" दारातून नंदा म्हणाली.

"हिंग जुना झालाय बघ. वासच नाही त्याला."

ती आत आली आणि माझ्यापासून चार हातांवर थांबली. "जुना? अगं, तिकडं दारापर्यंत भपकारा मारतोय!"

मी पुन्हा एकदा हुंगलं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी दहा दिवस तापानं अंथरुणाला खिळले होते, आणि त्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या चटणीच्या शेडमध्ये पाऊल टाकत होते. नंदानं दाराला कडी घातली, डब्यांच्या फळीकडं गेली आणि म्हणाली, "डोळे मीट."

मी डोळे मिटले. तिनं नाकाखाली काहीतरी धरलं. "काय हाय?"

"काय तरी हाय का?"

"लवंग." मग दुसरं काहीतरी. "आता?"

मी मान हलवली. ती लसूण होती, नुकती ठेचलेली. त्यानंतर तिनं जिरं धरलं, दालचिनी धरली, वेलदोडा सोलून धरला. शेवटी मिरचीची पूड धरली तेव्हा मला सडकून ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. क्षणभर दोघींनाही बरं वाटलं. पण ते तिखट झोंबलं होतं, वास नव्हता आला.

मी खाली पोत्यावर बसले आणि रडायला लागले. नंदानं माझं डोकं पोटाशी धरलं.

"कुणाला सांगू नकोस," मी म्हणाले.

"मी सांगीन होय गं?"

ही गडहिंग्लजची गोष्ट. वीस-बावीस वर्षं झाली असतील. मिरचीचं गाव ते. फेब्रुवारी लागला की बाजारात लाल ढीग पडतात आणि सगळं गाव शिंकायला लागतं. हत्तरकी बाई म्हणून एक रिटायर झालेल्या मास्तरीणबाई होत्या. त्यांनी आम्हां बाराजणींचा गट काढला होता आणि बाजाराच्या मागं पत्र्याची शेड घेतली होती. तिथं आम्ही कांदा-लसणाची चटणी करत असू. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचा मसाला. एका चटणीत वीस-बावीस जिन्नस पडतात, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो. धने थोडे कमी भाजले तर चटणीला कच्चा वास राहतो, थोडे जास्त झाले तर ती कडवट होते. खसखस तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत हातची जाते. दगडफूल आधी काळंच असतं, ते भाजलं की करपलं हे रंगावरून कळायची सोयच नाही. हे सगळं नाकावर चालतं, आणि नाक माझं होतं.

माझी सासू आठवडा बाजारात मसाल्याचं दुकान लावायची. तिच्याशेजारी बसून मी शिकले. माणूस गेल्यावर सहा वर्षं मी गावात 'बिचारी शालन' होते. शेडमध्ये आल्यावर वर्षभरात 'नाकवाली शालन' झाले. बायका पोरं घेऊन यायच्या. कुणाच्या तान्ह्याचं पोट फुगलंय, तर मी हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायला सांगायची. कुणाची दाढ ठणकतेय, तर लवंग धरायला द्यायची. कोरड्या खोकल्याला ज्येष्ठमध, बाळंतिणीला शेपा आणि ओव्याची धुरी. औषध साधं असलं तरी जिन्नस चांगला लागतो. जुना ओवा, किडकी सुंठ, तेल काढून घेतलेली लवंग हे सगळं मी नुसतं हुंगून बाजूला काढत असे. हत्तरकी बाई पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायच्या तेव्हा म्हणायच्या, "ही आमच्या शेडचं मशीन आहे." मला ते फार आवडायचं.

नंदा, म्हणजे महानंदा कोरी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती माझ्यासमोर चुलीचा जाळ सांभाळायची. तिचा नवरा गोव्याला कामाला होता, गणपतीला यायचा आणि परत जायचा. माहेर हलकर्णीला. तिथं तिची आई एकटी, मोतीबिंदूनं चाचपडत फिरणारी. नंदा दर आठवड्याला बसनं जाऊन आईची भाकरी-कालवणाची सोय करून यायची.

तर मग आमचं असं ठरलं. मी कढईपुढं उभी राहून उलथणं फिरवायचं, नेहमीसारखं वाकून हुंगायचं. नंदा समोर जाळापाशी. जिन्नस उतरवायची वेळ झाली की ती खांद्यावरचा पदर सावरायची. तेवढंच. कुणाला संशय येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं; जाळापाशी बसलेली बाई पदर सावरणारच.

आणि रोज दुपारी सगळ्या जेवायला बसल्या की ती मला मागच्या खोलीत न्यायची. तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी हुंगायला द्यायची. रात्री निजताना नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब टाकायला सांगायची. सुंठ, मिरे आणि तुळशीचा काढा घरून करून आणायची. सुंठ उगाळून कपाळावर लेप लावायची. तो वाळला की कातडं ओढायचं, आणि मला वाटायचं, आता येईल. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडंही तीच माझ्याबरोबर आली. ते म्हणाले, "तापात वासाची नस गेलीय. परत येईलही, कदाचित येणारही नाही. वाट बघायची." येताना बसमध्ये नंदानं माझा हात सोडला नाही.

दोन महिने असे गेले. चटणी पहिल्यासारखीच होत होती. लोक माझं नाव घेत होते. मीही हळूहळू विसरत चालले होते की हुंगतंय कोण.

मार्चमध्ये एके दिवशी बाजारपेठेतल्या वाण्याची सून आली. काखेत तीन महिन्यांचं पोर. रात्रभर झोपत नव्हतं. तिनं कागदातून दोन जायफळं काढली. "शालनकाकू, आईकडून आणलीत. उगाळून दुधातून चाटवू का? चांगली आहेत ना?"

भोवती चार बायका होत्या. मी जायफळ नाकाशी नेलं, डोळे मिटले, नेहमीसारखी मान हलवली. "चांगली आहेत. एकच वळसा उगाळायचा हं, जास्त नाही."

ती निघाली. नंदा जाळ सोडून उठली आणि तिच्या मागं धावली. मी दारातून पाहिलं, तिनं त्या पोरीच्या हातातला कागद काढून घेतला आणि आपल्या पिशवीतलं एक जायफळ तिला दिलं.

दुपारी मागच्या खोलीत तिनं ती दोन जायफळं फोडून माझ्यापुढं ठेवली. आत हिरवट बुरशी होती.

"लेकराच्या पोटात गेलं असतं, अक्का."

"वरून दिसत नव्हती."

"वास येत होता. तिथं उभ्या असलेल्या कुणालाही आला असता, तू 'चांगली' म्हटल्यावर कुणी नाक लावलंच नाही." ती माझ्यापुढं बसली. "आता सांगून टाक. बाईंना तरी सांग. चार दिवस बोलतील, मग गप बसतील. मी हाय की."

"आणि मी काय करू? मिरच्यांचे देठ खुडत बसू?"

"देठ खुडणाऱ्या बायका काय माणसं न्हाईत?"

मी तिच्यावर चिडले. ओव्याची पुरचुंडी तिथंच टाकून उठले. पण संध्याकाळी तीच माझ्या घरी काढा घेऊन आली आणि मी तो प्याले. नंतर आणखी दोनदा तिनं तो विषय काढला, आणि दोन्ही वेळा मी तो मिटवला. औषध विचारायला येणाऱ्या बायकांना मात्र त्यानंतर तीच आधी दारात गाठायची.

एप्रिलमध्ये हत्तरकी बाईंनी मला एकटीला बोलावून घेतलं. हलकर्णीला दुसरी शेड सुरू होणार होती. भाजणीला इथलं कुणी तयार माणूस हवं होतं. महानंदाचं नाव त्यांनीच काढलं. तिचं माहेर तिथलंच, आईचीही सोय होईल, असं म्हणाल्या आणि मला माझं मत विचारलं. मी ते सांगितलं. पाच मिनिटांत बाहेर आले.

नंदा नळावर पराती घासत होती. "काय म्हणाल्या बाई?"

"काही नाही गं. हलकर्णीच्या बायका बघायला येणार हाईत म्हणे."

"हलकर्णीच्या?" तिचं तोंड उजळलं. "मग दाखवू की चांगलं!"

त्या आल्या वैशाखात. पंधराएक बायका, टेम्पोतून. डोक्यावर पदर, हातात पिशव्या, शेडमध्ये शिरल्याशिरल्या शिंका. हत्तरकी बाईंनी त्यांना कढईभोवती अर्धगोलात उभं केलं. मी आधी खोबरं भाजून दाखवलं, मग तीळ. नंदाचा पदर वेळेवर हलत होता. त्या दिवशी ती सकाळपासून गप्प होती. मला वाटलं, माहेरच्या माणसांपुढं लाजली असेल.

मग मी धने टाकले. उलथणं फिरवता फिरवता बोलत होते, "डोळ्यांवर विसंबायचं नाही. धन्यांचा वास आधी गवतासारखा येतो, मग गोडसर होतो. तो गोड झाला की दहा मोजायचे आणि उतरवायचे."

मी नंदाकडं पाहिलं. ती हात पोटाशी धरून उभी होती.

धने बदामी झाले. मी पुन्हा पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती, सरळ. पदर जागचा हलला नाही. धने तपकिरी व्हायला लागले. माझ्या डोळ्यांना ते दिसत होतं. मी बावीस वर्षं धने भाजत होते, तो रंग मला ठाऊक होता. तरी मी हात चालूच ठेवला, कारण नंदानं खूण केली नव्हती. माझ्या डोळ्यांपेक्षा मला तिच्या पदराचा भरवसा जास्त होता.

"अवो बाई," पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "करपलं की वो!"

कढईतून धूर निघाला. कुणीतरी धावून कढई उतरवली. हत्तरकी बाई पुढं आल्या. "शालन, हे काय? तुला वास नाही आला?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "नंदानं जाळ वाढवला बाई. बघता बघता गेले."

हे मी का बोलले, ते मला सांगता येत नाही. विचार करून बोलले नाही. तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं.

नंदानं पदर कमरेला खोचला. ती फळीकडं गेली. दोन वाट्या घेतल्या, डब्यांतून काहीतरी त्यात घातलं आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"डोळे मीट, अक्का."

"नंदे..."

"मीट डोळे."

पंधरा पाहुण्या, आमच्या दहाजणी आणि हत्तरकी बाई. मी डोळे मिटले. दुसरं काय करणार होते? नाकाखाली वाटीची गार कड लागली. मग दुसरीची.

"कशात हिंग हाय आणि कशात वेलदोडा?"

एवढं तर दूधपित्या लेकराला कळलं असतं. कोणी हसलं नाही. मी अंदाज केला. "पहिल्यात हिंग," मी म्हणाले.

कुणीतरी 'अगं बाई' म्हटलं. मी डोळे उघडले. दोन्ही वाट्यांत हिंगच होता.

"संक्रांतीच्या आधीपासनं असंच हाय," नंदा हत्तरकी बाईंना म्हणाली. "चार महिने झाले." वाट्या तिनं फळीवर ठेवल्या आणि ती चुलीतली लाकडं बाहेर ओढायला लागली.

मी चपला घातल्या आणि घरी गेले. रस्त्यात कोण भेटलं, कोण काय म्हणालं, काही आठवत नाही. दुपारभर भिंतीला टेकून बसले. माझ्या आईनं मला भर बाजारात उघडं केलं असतं तरी इतकं लागलं नसतं. चार महिने जिनं माझ्या कपाळाला सुंठ लावली, तिनंच. जिच्या पोटाशी डोकं ठेवून मी रडले, तिनंच.

उन्हं उतरल्यावर मी तिच्या घरी गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही, बस असंही म्हणाली नाही.

"पदर का सावरला नाहीस?" मी विचारलं.

ती खडे वेचत राहिली.

"तुला आधीच वास आला होता. तू मुद्दाम केलंस."

"व्हय," ती म्हणाली. "मुद्दाम केलं. धने गोड झाले तसा माझा हात वर निघाला होता. मीच त्याला दाबून धरला."

"मी तुझं काय वाकडं केलं होतं गं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "काल बाईंकडं गेले होते मी. म्हटलं, हलकर्णीला मला पाठवा, आईला आता दिसत न्हाई. बाई म्हणाल्या, महानंदा, माझी इच्छा होती, पण शालननंच सांगितलं. मी म्हटलं, काय सांगितलं? तर म्हणाल्या..." तिनं सुपातला एक खडा वेचून लांब फेकला. "म्हणाल्या, शालन म्हणाली, नंदा कष्टाला चांगली हाय, पण तिला नाक न्हाई. तिच्या हातात भाजणी देऊ नका."

मी उभीच राहिले.

"मला नाक न्हाई ना, अक्का? मग नाक नसलेल्या बाईनं खूण कशाची करायची?"

"तू हलकर्णीला गेलीस तर माझं काय झालं असतं?" मी म्हणाले. खरं तेच होतं, आणि खरं म्हणूनच ते तोंडातून निघालं.

"असं बाईंना सांगायचं होतंस. मला सांगायचं होतंस. मी गेले नसते." तिनं पदराला हात पुसले. "आणि एवढं होऊनसुद्धा, तू 'माझं चुकलं' म्हणाली असतीस ना, तर मी त्या वाट्यांना हात लावला नसता. तू जाळाचं नाव घेतलंस."

तिनं सूप उचललं आणि घरात गेली. दार लावलं नाही, पण मला आत जाता आलं नाही.

नंदा जूनमध्ये हलकर्णीला गेली. हत्तरकी बाई स्वतः घरी येऊन मला बोलावून गेल्या, त्यामुळे मी शेडमध्ये परतले. देठ खुडायला बसले. बायका चांगल्या वागल्या. मला ते चांगलं वागणंच जास्त बोचायचं. औषध विचारायला कुणी आलं की मी काय घ्यायचं, किती घ्यायचं ते सांगायची, पण जिन्नस शेजारणीच्या हातात देऊन म्हणायची, "हे तेवढं हुंगून बघ गं." दोन वर्षांनी थोडा वास परत आला. आधी कित्येक महिने सगळ्याला जळकाच वास यायचा, मग कांदा कळायला लागला, मग लवंग. कढईपुढं मात्र मी पुन्हा उभी राहिले नाही.

हलकर्णीची चटणी आमच्याहून सरस निघाली. लोक तिकडून मागवायला लागले.

सहा वर्षांनी तालुक्यातल्या सगळ्या गटांची बैठक होती. नवीन गटांना भाजणी शिकवायला एक बाई नेमायची होती. हत्तरकी बाई तेव्हा फार थकल्या होत्या, काठी घेऊन आल्या होत्या. नंदाही आली होती. चष्मा लागला होता, केस पिकले होते. दोन रांगा पुढं बसली होती. एक नवीन साहेब विचारत होते, "या महानंदा कोरींना कोण ओळखतं? त्यांच्या कामाबद्दल कुणी सांगेल का?"

मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. मी उठले.

"मी सांगते," मी म्हणाले. "माझं नाक गेलं होतं तेव्हा चार महिने गडहिंग्लजची सगळी चटणी हिच्या नाकावर झाली. नाव माझं होत होतं. ही हलकर्णीला जाऊ नये म्हणून मी बाईंना खोटं सांगितलं, की हिला नाक नाही. खोटं होतं ते. हिच्यासारखं नाक मी माझ्या सासूचंसुद्धा बघितलं नाही."

हत्तरकी बाईंनी काठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. नंदानं मागं वळून बघितलं नाही. तिची पाठ तेवढी दिसत होती मला.

तिचीच नेमणूक झाली. बैठक सुटल्यावर मी दाराशी थांबले. पाच-सहा बायकांच्या घोळक्यातून ती आली, माझ्यापुढं दोन पावलांवर उभी राहिली. मी म्हणाले, "नंदे, आई कशी हाय?"

"गेली. तीन वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही गं."

"मीच कळवू नका म्हटलं होतं," ती म्हणाली. मग तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली, चार वाजताची हलकर्णीची बस चुकेल म्हणाली, आणि घाईघाईनं स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.